रविराजच्या घोंगड्यावर आईची चंची

माझा भाऊ रविराज मला आवडत नाही. सख्खा भाऊ, माझ्या पाठचा, एका ताटात जेवून मोठे झालो. तरी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी 'बहिणीनं भावाबद्दल असं बोलावं का' म्हणायला नको. बोलावं. बहिणीनंच बोलावं. गावातले लोक त्याच्यावर हसतात आणि आपापल्या घरी जातात. मला तशी सोय नाही.

मला बेलापुरातच दिली. माहेर आणि सासर एका हाकेच्या अंतरावर. घरची पिठाची गिरणी आहे, ती मीच चालवते. सकाळी पट्टा फिरायला लागला की गावाचं दळण येतं आणि दळणाच्या डब्याबरोबर गावाच्या बातम्या येतात. रविराजची ही भानगडसुद्धा मला तशीच कळली. शेळ्या राखणारा कानिफनाथ बाजरी घेऊन आला आणि डबा ठेवायच्या आधीच म्हणाला, "अक्का, तुज्या भावानं काल माजी पिशवी इस्कटली. फोटू काढायचाय म्हनला. मी आपला टोपी नीट केली, तर म्हनतो, तुमी बाजूला व्हा, पिशवीचा काढायचाय."

मी म्हटलं, "पिशवीचा फोटो? कशाला?"

"मला काय म्हाईत? तुजा भाऊ हाय."

हे 'तुजा भाऊ हाय' मी जन्मभर ऐकत आलेय.

रविराज साखर कारखान्यात हंगामी आहे. गाळप चालू असतं तोवर माणूस बरा. पट्टा पडला, हंगाम संपला, की निम्मं वर्ष मोकळा, आणि मग घराच्या मागं काहीतरी लागतं. एका वर्षी कबुतरं पाळली. माळवद सगळं घाण, आणि हा कबुतर कानाला लावून बसलेला. छातीत घरघर आहे का ऐकतोय म्हणे. पुढच्या वर्षी व्यायाम. लोखंडी वजनं आणली, आठवडाभर उचलली, आता ती कडब्यावरची ताडपत्री उडू नये म्हणून ठेवलीत. वय चव्वेचाळीस, पोरगी लग्नाला आली, पण ह्याचं खेळणं काही सुटत नाही.

यंदा त्याला मोबाईलवर कसली तरी मंडळी सापडली. जगभरातली माणसं म्हणे, आपण रोज खिशात काय काय वागवतो ते काढून मांडतात, वरून फोटो घेतात आणि एकमेकांना दाखवतात. चाकू, टॉर्च, पेन, घड्याळ, किल्ल्या, पाकीट. मी एकदा सकाळी माहेरी गेले तर ओसरीत हाच सोहळा चाललेला. बाजेवर आमच्या वडलांचं काळं घोंगडं अंथरलेलं, त्यावर सगळ्या वस्तू ओळीनं. ह्याच्या हातात पोरीच्या कंपासपेटीतला गुण्या. प्रत्येक वस्तू काटकोनात आहे का बघतोय. भावजय पूजा थर्माकोलचा तुकडा धरून उभी, उजेड नीट पडावा म्हणून. मग हा स्टुलावर चढला, वाकला, जीभ दातांत धरली आणि खटाखट फोटो.

"अक्का, याला शास्त्र असतं," मला म्हणतो.

"कशाला?"

"मांडायला."

मी म्हटलं, बाबा रे, काल दारातल्या सायकलला अडखळून पडलास, ती एक मांड नीट. तर हसला. त्याला लागतच नाही काही, तीच तर मोठी चीड आहे.

आणि खरी गंमत सांगू? त्या वस्तूंतली एकही त्याच्या खिशात नसायची. खिशात असायचा मोबाईल, तंबाखूची पुडी आणि दात गेलेला कंगवा. चाकू, टॉर्च, पेन हा सगळा सरंजाम बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, कापसात गुंडाळून. एकदा संध्याकाळी गिरणीत लाईट गेली. दळण अर्धंच झालेलं, बाया खोळंबलेल्या, आणि हा नेमका दारात उभा. मी ओरडले, "रव्या, टॉर्च लाव रे." तर म्हणतो, "ती घरी आहे, डब्यात. खिशात ठेवली की चरे पडतात." सगळ्या बाया खळखळून हसल्या. मला मात्र असं झालं की हातातलं सूप त्याच्या डोक्यात घालावं. रोज वागवायच्या वस्तू म्हणून जगाला दाखवतो आणि एक दिवस वागवत नाही. शी!

पुढं त्या मंडळीतल्या कुणीतरी त्याला लिहिलं की तुझ्याकडचं चाकू-टॉर्च सगळ्यांकडंच असतं, गावाकडचं काहीतरी दाखव. झालं. हा दुसऱ्या दिवसापासून लोकांच्या खिशांच्या मागं लागला. 'गावाकडचा खिसा' असं नाव दिलं आणि दिसेल त्याला धरायला लागला.

कानिफनाथाच्या पिशवीतून काय निघालं ते कानिफनाथानंच सांगितलं. फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी, गुडघ्याच्या गोळ्यांची पट्टी, शेळीच्या पोटाचं औषध, प्लास्टिकात घातलेलं आधार कार्ड, एक बोथट विळा. रविराजनं भाकरी बाजूला केली, गोळ्या बाजूला, औषध बाजूला, आधार बाजूला. राहिला विळा. मग कुणाच्या तरी बोकडाच्या गळ्यातली पितळी घंटा आणून विळ्याशेजारी ठेवली, मागं एक काठी ठेवली, आणि फोटो. खाली लिहिलं, हा धनगरबाबांचा खिसा. कानिफनाथ धनगर नाही आणि ती घंटाही त्याची नाही. त्याला बिचाऱ्याला घंटेचं काही नव्हतं, त्याच्या गोळ्या परत द्यायला रविराज विसरला याचं होतं. तीन दिवस म्हातारा लंगडत शेळ्यांमागं फिरला.

त्याच्यानंतर योसेफ गवंडी. गवंड्याच्या खिशात ओळंबा, सुतळी, सुताराची पेन्सिल, आणि रुमालात गुंडाळलेली कवळी. सिमेंटची धूळ बसते म्हणून तो कामावर कवळी काढून ठेवतो. रविराजनं कवळी काढली आणि तिथं अडकित्ता ठेवला. योसेफ रविवारी चर्चवरून येताना माझ्याकडं गव्हाचं पीठ न्यायला आला तेव्हा म्हणाला, "अक्का, मला तोंडात दात न्हाईत. मी सुपारी कशानं खानार? लोक काय म्हनतील?"

मी त्याच संध्याकाळी रविराजला गाठलं. म्हटलं, "लोकांच्या खिशातलं खरं काढतोस आणि खोटं घालतोस, लाज वाटत नाही का?"

"ते दिसत नाही गं बरं," तो म्हणाला. "फोटोत औषधं, प्लास्टिक आलं की लोक बघत नाहीत, पुढं जातात. पितळ, लाकूड, कातडं असलं पाहिजे."

"माणूस आजारी पडला तर काय पितळ चाटायचं का त्यानं?"

"तू उगाच तिरकं बोलतेस, अक्का."

मी तिरकं बोलते. बोलतेच. सरळ बोलून त्याला कधी काही कळलंय?

आता आमची आई. बनुबाई. सत्तरी कधीच ओलांडली. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर आणि कमरेला चंची. आता ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते, चंची म्हणजे कप्प्याकप्प्यांची कापडी पिशवी, गुंडाळी करून दोरीनं बांधायची आणि कमरेला खोचायची. पान, सुपारी, तंबाखू, चुन्याची डबी, सगळं तिच्यात. आईला आम्ही चंचीशिवाय कधी बघितलंच नाही.

दोन वर्षांपूर्वी आईला दम लागायला लागला. चार पावलं चालली की थांबायची, ओठ निळसर पडायचे. मी तिला डोळे दाखवायच्या निमित्तानं श्रीरामपूरला नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, दमा सांगितला, तंबाखू बंद केली आणि तोंडात ओढायचा निळा पंप दिला. जीव घाबरला की हा लगेच ओढायचा, जवळच ठेवायचा, उशीर केलात तर कठीण आहे, असं दोनदा बजावलं. बाहेर आल्यावर आईनं माझा हात असा धरला की बांगडी रुतली.

"कुनाला सांगू नको. रविराजला बी न्हाई. संस्कृतीचं जमायचं हाय."

संस्कृती म्हणजे रविराजची लेक. आमच्याकडं मुलगी बघायला आले की आधी घराणं विचारतात. कुणाला कोड आहे का, फेफरं आहे का, दमा आहे का. वरच्या आळीतली एक चांगली सोयरीक आजीच्या खोकल्यावर मोडली होती, ते आईच्या मनात बसलेलं. मी भांडले तिच्याशी. एसटी येईपर्यंत भांडले. पण तिनं शपथ घातली आणि मी गप्प बसले.

मग आईनं काय केलं? तंबाखू सोडली, सुपारी सोडली, पण चंची नाही सोडली. आतल्या कप्प्यात जुन्या चोळीच्या चिंधीत पंप गुंडाळून ठेवला. दम लागला की उठायची, "तमाकू खाऊन येते" म्हणायची आणि परसात जाऊन पंप ओढून यायची. घरात सगळ्यांना वाटायचं, म्हातारीचं व्यसन काही सुटत नाही. रविराज तर तिला बोलायचा, "आई, बास की आता, तंबाखूनं मरशील." भिंतीच्या पलीकडं झोपणारा पोरगा! कबुतराच्या छातीतली घरघर ह्याला ऐकू येत होती, आईची दोन वर्षं आली नाही. हे आठवलं की आजही माझ्या तोंडाला कडू पाणी येतं.

तर त्या रविवारी संस्कृतीला बघायला पाहुणे येणार होते. संगमनेरकडचे काकासाहेब, दुधाचा धंदा, मुलगा अमृत शिकलेला, घर चांगलं. आई आठवडाभर आधीपासून देवाला हात जोडत होती. मी गिरणी बंद ठेवून सकाळीच माहेरी गेले, पोह्याला हात लावायला.

ओसरीत पाय टाकला आणि धुरानं डोळे चुरचुरले. घमेल्यात निखारे, निखाऱ्यांवर ऊद, सगळी ओसरी कोंदलेली. बाजेवर तेच घोंगडं आणि त्याच्यावर आईची चंची उलगडलेली. एका कप्प्यात हिरवीगार पानं, एकात सुपारी, एकात कात, बाजूला चकचकीत चुनाळं आणि पुन्हा तोच अडकित्ता, योसेफाच्या खिशात गेलेला.

"हे काय चाललंय?"

"गप. उजेड जाईल. धुरातनं कवडसे बघ कसे येतात." हा स्टुलावर.

"चंची कशी आणलीस? आई कुठाय?"

"आंघोळीला गेली. खुंटीला होती. आत्ता देतो की."

"आणि ही पानं, सुपारी?"

"आणली मी. तिच्या चंचीत काहीच नव्हतं गं. चार लवंगा, किल्ली, आणि एक कळकट चिंधी, तिच्यात कसलं तरी प्लास्टिक."

मी म्हटलं, "ती चिंधी कुठाय?"

"ठेवलीय."

"कुठं ठेवलीस, रव्या?"

तेवढ्यात दारात गाडीचा हॉर्न. पाहुणे सांगितल्या वेळेच्या आधीच आले. मग काय विचारता! ह्यानं स्टुलावरून उडी मारली, घोंगडं गोळा केलं, घमेलं उचलून परसात, न्हाणीच्या दाराशी नेऊन ठेवलं, आणि केसांवरून हात फिरवत "या, या, रामराम" करत पुढं. मी बिस्किटाचा डबा उघडला, कोनाडे बघितले, गादी उचलली. चिंधी नाही. पूजा आतून हाका मारतेय, "अक्का, पाणी न्या ना बाहेर." आई त्या धुरातून न्हाणीबाहेर आली, धुतलेलं लुगडं नेसून, आणि भिंतीला धरून पुढच्या खोलीत कोपऱ्यात येऊन बसली.

बसल्या बसल्या तिचा हात कमरेला गेला. तिथंच थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, नाही म्हणून. मग तिनं पदर सारखा केला आणि पाहुण्यांकडं बघून हसली.

मी रविराजला डोळ्यांनी खुणावलं, दारातून बोलावलं, पाण्याचा पेला देताना कानात म्हटलं, "चिंधी दे." तो म्हणाला, "नंतर गं."

संस्कृती पोहे घेऊन आली, बसली. शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला. मुलगा बरा होता, मान खाली घालून पोहे खात होता. त्याची आई गप्प, पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली. काकासाहेबच काय ते बोलत होते. मग त्यांनी तो प्रश्न विचारलाच.

"बाकी घरात कुणाला काही दुखणंबिखणं?"

"छे छे!" रविराज म्हणाला. "आमची आईच बघा ना. अजून स्वतः सुपारी कातरून खाते. थांबा, दाखवतो." आणि ह्यानं मोबाईल काढला. आत्ताच काढलेला फोटो. चंची, पानं, अडकित्ता, धुरातले कवडसे. काकासाहेबांच्या हातात दिला. "हे असं असतं तिच्या कमरेला रोज. जुनी हाडं."

काकासाहेब म्हणाले, "वा! फोटो मात्र झकास."

आणि ती जुनी हाडं तिथं कोपऱ्यात खांदे वर उचलून एकेक श्वास ओढत होती. तोंडावर हसू तसंच. गळ्याची शीर ताठ झालेली. तिनं भिंतीला हात लावला, उठली, "आले हां" म्हणाली, म्हणजे ओठ हलले, आवाज आलाच नाही, आणि परसात गेली. रविराज पाहुण्यांना दुसरा फोटो दाखवत होता.

मी मागं धावले. आई हौदाच्या कडेला दोन्ही हात टेकून उभी होती. आत हवा जात नव्हती. डोळे मोठे झालेले. शेजारी ते घमेलं अजून धुपतच होतं. मी लाथेनं उलटं केलं, तिची पाठ चोळली, तिला खाली बसवलं, आणि तशीच आत पळाले.

"रव्या, ती चिंधी! आईचा पंप आहे तिच्यात! निळा! कुठं ठेवलास?"

त्याला कळलं. मी त्याचं तोंड बघितलं, त्याला बरोबर कळलं. आणि कळल्यावर त्याच्या तोंडातून पहिलं काय निघालं? "अक्का, हळू. पाहुणे बसलेत."

तिथं माझ्या डोक्यात तिडीक गेली. शपथ गेली खड्ड्यात. मी सगळ्यांच्या समोर ओरडले, "आईला दमा आहे! दोन वर्षं आहे! मागं ती गुदमरतेय आणि तू मला हळू सांगतोस? पंप कुठाय?"

संस्कृतीनं हातातली बशी खाली ठेवली. रविराज उशा उचलायला लागला, "इथंच कुठंतरी, गडबडीत..." म्हणत बाजेखाली वाकला. हा शोधत होता ते असं, की पाहुण्यांच्या अंगावर धूळ उडू नये.

तेव्हा मुलाची आई उठली. तोवर एक शब्द बोलली नव्हती. तिनं पर्स उघडली, तळाशी हात घातला आणि निळा पंप बाहेर काढला. तसाच. आईच्यासारखाच.

काकासाहेब म्हणाले, "हे काय?"

"मागून सांगते," ती म्हणाली आणि माझ्या पुढं परसात गेली.

नव्या साडीनिशी ती ओल्या फरशीवर बसली. पदरानं पंपाचं तोंड पुसलं, आईच्या पाठीमागं हात घातला. "मावशी, आधी श्वास सगळा सोडा. आता ओढा. धरा आत. धरा. सोडा. पुन्हा." आईची पहिली ओढ वाया गेली. दुसरी थोडी आत गेली. तिसऱ्या-चौथ्याला छातीतून शीळ वाजल्यासारखा आवाज आला, आणि मग हळूहळू डोळ्यांत माणूस परत आला. मी तिचे पाय चोळत होते आणि रडत होते, राग आला की मला रडू येतं.

ती बाई हळूच मला म्हणाली, "लग्नाच्या आधीपासून आहे मला. यांना माहीत नव्हतं. झालं आता." आणि दारात काकासाहेब उभे होते, त्यांनी ते ऐकलं.

पाहुणे लगेच निघाले. काकासाहेब "कळवतो" म्हणाले. कुणाच्या तोंडाकडं न बघता म्हणाले. त्यांची बायको गाडीत बसायच्या आधी परत आली, आईच्या गालावरून हात फिरवून गेली. त्या बाईचं घरी गेल्यावर काय झालं असेल ते देवाला ठाऊक, मला त्या रात्री तिचीच काळजी जास्त वाटत होती. नवऱ्यासमोर, सोयरिकीच्या बैठकीत, परक्या म्हातारीसाठी तिनं पर्स उघडली. आणि आमचा, पोटचा, उशा उचलत होता.

आईला पुढच्या खोलीत आणून तिथल्या बाजेवर उशीला टेकवून बसवलं. पूजा आणि संस्कृती आतल्या खोलीत रडत होत्या. रविराज ओसरीच्या पायरीवर बसला. जीव उडाला की हा तंबाखू मळतो. पुडी काढायला त्यानं पँटच्या खिशात हात घातला आणि हात बाहेर आला तो चिंधीसकट.

पाहुणे आले तेव्हा गडबडीत त्यानं ती खिशात कोंबली होती. सगळा वेळ तिथंच होती. काकासाहेबांना फोटो दाखवताना, मला हळू म्हणताना, बाजेखाली वाकताना, आईचा पंप त्याच्या मांडीला लागत होता. जगाला खिसे उलगडून दाखवणाऱ्या माणसाला स्वतःच्या खिशात काय आहे ते ठाऊक नव्हतं.

तो बघतच राहिला. चिंधी उलगडली, पंप तळहातावर घेतला. मला वाटलं, आता तरी. आता हा उठेल, आईच्या पायावर डोकं ठेवेल, ढसाढसा रडेल. खरं सांगते, मी मनातून त्याला माफ करायला निघाले होते. भाऊ आहे शेवटी.

तो उठला, आत आला, आणि बाजूला पडलेलं घोंगडं झटकून जमिनीवर अंथरलं. त्याच्या मधोमध पंप ठेवला. एकटा.

"अक्का," तो हळू आवाजात म्हणाला, "हे खरं आहे बघ. तू म्हणत होतीस ना, खरं दाखव. आईची चिंधी आणि हा पंप, बाकी काही नाही. लोकांना कळलं पाहिजे गं दम्याचं. जागृती होईल." आणि मोबाईल काढला.

मी घोंगड्यावर पाय देऊन पंप उचलला. "अरे, आत्ता मरत होती ती! आत्ता! अजून तिची धाप थांबली नाही!"

"दोनच मिनिटं गं. उजेड आहे तोवर."

"हात लावून बघ!"

"अगं, दे की त्याला," बाजेवरून आई म्हणाली. आवाज फाटका, दोन शब्दांमध्ये थांबत होती. "पोरगं म्हनतंय... तर दे. दोन मिन्टं काय... काढीन मी."

असं म्हणून तिनं उशीवरून पाठ उचलली, रविराजला नीट उजेड मिळावा म्हणून खिडकीसमोरून सरकली, आणि छातीवर हात ठेवून त्याचं होईपर्यंत थांबायच्या तयारीनं बसली.

पंप मी दिला नाही. रविराजची किळस मला नेहमीचीच होती, त्या दिवशी आईचीही आली.